फोनला आयपीव्ही६ (इंटरनेटचा नव्या पद्धतीचा पत्ता) आहे, घरच्या फायबरला नाही. भांडायचं की गप टनेल (घरापर्यंतची आडवाट) लावायचं?

मुलुंडचा_पावसाळी
गॅलरीत रास्पबेरी पाय ठेवलाय, त्याला पर्जन्यमापक जोडलाय, तासाला किती मिमी पडला ते लिहून ठेवतो, एवढीच आपली हौस. लोकलमध्ये बसून फोनवर बघायला गेलो तर घरापर्यंत पोचताच येत नाही. राउटरमध्ये बघितलं तर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होतोय, म्हणजे सीजीनॅट (कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांना मिळून देते), १००.६४ ते १००.१२७ ही रेंज २०१२ मध्ये खास याच कामासाठी बाजूला काढलेली. म्हणजे अख्ख्या सोसायटीला एकच पत्ता आणि फ्लॅट नंबर फक्त वॉचमनच्या डोक्यात. बाहेर कोण गेलं ते त्याला आठवतं, पण नवीन पोस्टमन आला की गेटवरूनच परत.

आणि हातातल्या फोनला मात्र मस्त आयपीव्ही६! कस्टमर केअरला तीनदा फोन केला. दोनदा "सर राउटर बंद करून पाच मिनिटांनी चालू करा", तिसऱ्यांदा "स्टॅटिक आयपी घ्या, महिन्याचे वेगळे पैसे". अरे, जुन्या व्ही४ पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ ला संपला, त्याचे पैसे मागताय ते समजू शकतो, पण व्ही६ ची कुठे टंचाई आहे? दूरसंचार विभागाचा व्ही६ चा पहिला रोडमॅप २०१० चा. पुढे तारखा ढकलत ढकलत असं ठरलं की ३१ डिसेंबर २०२२ नंतरचं प्रत्येक नवं घरगुती वायरवालं कनेक्शन व्ही६ चालेल असंच द्यायचं. माझं कनेक्शन जून २०२३ चं आहे. माझं म्हणणं, तक्रार करत राहायचं. तुम्ही काय म्हणता?

टनेलबाज
भाऊ टेलस्केल (टनेलचं तयार अॅप) टाक, दहा मिनिटांचं काम आहे, सीजीनॅटच्या आतून पण चालतं. मिमी बघायला सरकारी रोडमॅप कशाला काढतोस? आणि समजा उद्या मिळालं व्ही६, तू ऑफिसच्या वायफायवर बसलास आणि तिथे फक्त व्ही४ असलं तर? घराला व्ही६ पत्ता असून उपयोग शून्य, परत टनेलच लावणार. मग आत्ताच लाव ना.

मुलुंडचा_पावसाळी
ऑफिसचा मुद्दा बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण माझ्या घरातल्या डब्याशी बोलायला मधे तिसऱ्याच कंपनीत खातं उघडायचं हे मला पटत नाही. हरिकेन इलेक्ट्रिक कंपनीचं व्ही६ देणारं फुकट टनेल पण करून बघितलं असतं, पण त्याला स्वतःचा पब्लिक व्ही४ पत्ता लागतो. म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच मिळत नाही, कमाल आहे.

केबलवाल्याचा_भाचा
जरा आमची पण बाजू ऐका. मामाचा एरिया आठशे कनेक्शनचा, व्ही६ विचारणारे आजवर दोन, त्यातला एक मीच. लोकल ऑपरेटरच्या हातात फायबर, गच्चीवरचा स्विच आणि शिव्या एवढंच असतं, पत्ते वाटतो तो वरच्या कंपनीचा बीएनजी (सगळी कनेक्शनं जिथे जोडतात तो मोठा राउटर). तिथे व्ही६ चालू केलं की बिलिंग सॉफ्टवेअर बदला, कुठला प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) कुठल्या गिऱ्हाइकाला कधी दिला त्याचा लॉग ठेवा, आणि गिऱ्हाइकांकडचे अर्धे राउटर इतके जुने की त्यांच्यात तो ऑप्शनच नाही. एक गोष्ट बिघडली की फोन मामाला येतात, आणि जुलैत गच्चीवर पाणी भरलेलं असताना तो व्ही६ बघेल की स्विच सुकवेल?

मुलुंडचा_पावसाळी
मामांवर राग नाहीच, राग वरच्यांवर आहे. सीजीनॅटचा डबा काय फुकट येतो? त्याचा लॉग तर अजून किचकट, एका पत्त्यामागे शेकडो घरं, कोणाला कुठला पोर्ट दिला होता तेपण लिहायचं. यूट्यूब, नेटफ्लिक्स, फेसबुक सगळे व्ही६ वर आहेत, तेवढा ट्रॅफिक सीजीनॅटच्या बाहेरून गेला तर त्यांचाच भार हलका होईल. वर सगळे एकाच पत्त्यामागून येतो म्हणून आम्हाला दिवसातून चारदा "तुम्ही रोबोट नाही ना" म्हणून सिग्नलचे फोटो निवडायला लागतात ते वेगळंच.

परळचे_काका
माझ्याकडे वर्षभर व्ही६ आहे, म्हणून सांगतो, मिळालं म्हणजे सुटलात असं समजू नका. एक तर दिला फक्त स्लॅश ६४ (आकडा जितका मोठा, तितका प्रीफिक्स छोटा). त्यात एकच नेटवर्क नीट बसतं, सीसीटीव्ही वेगळ्या नेटवर्कवर टाकायचा होता तो बेत तिथेच राहिला. दुसरं, पीपीपीओई (राउटरचं कंपनीकडे होणारं लॉगिन) तुटून परत जोडलं की प्रीफिक्स नवा, सगळ्या डिव्हाइसचे पत्ते बदलले. युरोपातल्या ऑपरेटरांनी २०१७ मध्येच लिहून ठेवलंय की घराला स्लॅश ५६ किंवा ४८ द्या आणि तो सारखा बदलू नका. इथे कोण वाचतंय.

आणि सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एमटीयूने (पॅकेट किती मोठं चालेल ती मर्यादा). बँकेची साइट अर्धी उघडायची आणि फिरत बसायची, बायको म्हणाली तुझ्या प्रयोगांमुळे लाइट बिल भरायचं राहिलं. पीपीपीओईत पॅकेट जास्तीत जास्त १४९२ बाइटचं, व्ही६ मध्ये मधला राउटर पॅकेट तोडत नाही, तो "पॅकेट मोठं आहे" असा निरोप उलटा पाठवतो, आणि वाटेत कोणीतरी अतिशहाण्याने ते निरोप ब्लॉक केलेले. एमएसएस क्लॅम्प (पॅकेटमधल्या डेटावरची मर्यादा) १४३२ केला तेव्हा बिल भरलं गेलं. चार रविवार गेले, पण मजा आली हे खरं.

टनेलबाज
बघा, काकांनी माझंच म्हणणं सांगितलं. आणि नॅट (एका पत्त्यामागे सगळी डिव्हाइस ठेवणं) गेला की प्रत्येकाच्या घरातला सीसीटीव्हीचा स्वस्त डीव्हीआर उघड्यावर, पासवर्ड अॅडमिन अॅडमिन.

परळचे_काका
तुमचं नाही सांगितलं हो. नॅट म्हणजे फायरवॉल नव्हे, बाहेरून येणारं अडवायचं काम फायरवॉलचं, ते राउटरला व्ही६ मध्येही करता येतं. पण कंपनीने दिलेल्या माझ्या ओएनटीत (फायबरच्या डब्यात) व्ही६ चा फायरवॉल आधीपासून बंद होता, तेव्हा तुमची भीती अगदीच फुकाची नाही. मिळाल्या दिवशी पहिलं ते बघा, पर्जन्यमापक नंतर.

केबलवाल्याचा_भाचा
पावसाळी भाऊ, एक कर. तक्रारीत "आयपीव्ही६ पाहिजे" एवढंच लिहू नकोस, खालच्या पोराला कळत नाही. "पीपीपीओईवर डीएचसीपीव्ही६ प्रीफिक्स डेलिगेशन चालू करा" (म्हणजे राउटरला व्ही६ चा प्रीफिक्स द्या) असं लिही आणि वरच्या टीमकडे पाठवायला सांग. मामाच्या नावाने नको फक्त.

मुलुंडचा_पावसाळी
लिहिलं तसंच्या तसं. आत्ता फोन आला होता, सोमवारी माणूस पाठवतायत, सिग्नल चेक करायला.