मदत हवी आहे: ज्येष्ठ श्रोत्यांसाठी सोपे पॉडकास्ट अ‍ॅप

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या वाचनालयात येणाऱ्या काही ज्येष्ठांना, ज्यांत यंत्रमाग आणि विडी कामगार अधिक आहेत, मराठी पॉडकास्ट नियमित ऐकायचे आहेत. सर्वांकडे साधे अँड्रॉइड फोन असून ईमेल, पासवर्ड या गोष्टी त्यांना जमत नाहीत. घरी वायफाय नाही, त्यामुळे पॉडकास्टचे भाग वाचनालयातच उतरवून घ्यावे लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिफिती पाठवून पाहिल्या, पण त्या इतर निरोपांत हरवतात. यूट्यूबच्या मोफत आवृत्तीत पडदा बंद होताच आवाज थांबतो. गूगल पॉडकास्ट्स 2024 मध्ये बंद झाले. सध्या अँटेनापॉड हे पॉडकास्ट अ‍ॅप वापरत आहोत: ते मोफत आहे, खाते मागत नाही, जाहिराती दाखवत नाही आणि ओपीएमएल फाइलमधून (कार्यक्रमांची यादी साठवणारी फाइल) सगळी कार्यक्रमयादी एकदम घेते. उघडताच पुढे ऐकायच्या भागांच्या रांगेचे पान दिसावे अशी मांडणीही केली आहे.

अडचण पुढची आहे. नवा कार्यक्रम जोडायचा झाला की प्रत्येकाचा फोन हाती घ्यावा लागतो. वेगवेगळ्या फोनांवरील यादी जुळती ठेवणाऱ्या जीपॉडर किंवा नेक्स्टक्लाउडचे एकच खाते सर्वांना दिले, तर यादीबरोबर प्रत्येकाने कुठपर्यंत ऐकले याची नोंदही एकमेकांत मिसळेल. (एकाने संपवलेला भाग दुसऱ्याच्या रांगेतून गेला, तर वाद ठरलेलाच!)

आयफोनवरचे किंवा वर्गणीचे पर्याय आम्हाला उपयोगी नाहीत. तेव्हा कुठपर्यंत ऐकले याची नोंद ज्याची त्याच्याच फोनवर ठेवून केवळ कार्यक्रमांची यादी दुरून बदलता येईल, अशी सोय अँटेनापॉडमध्ये किंवा तितक्याच सोप्या दुसऱ्या मोफत अ‍ॅपमध्ये कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का?