प्लाझ्मा टेबल आलं, आता फॅब्रिकेशनसाठी कुठलं ड्रॉइंग सॉफ्टवेअर घ्यावं?

गसेट_क्लीट (प्रश्न)

नमस्कार. लहान फॅब्रिकेशन शॉप आहे. जिने, रेलिंग, मेझनाइन प्लॅटफॉर्म, छोटे शेड आणि मशिनच्या फ्रेम अशी कामं असतात. इंजिनिअरकडून पीडीएफ येते, त्यावरून ऑटोकॅड एलटीत शॉप ड्रॉइंग काढतो आणि कटलिस्ट (कापायच्या तुकड्यांची यादी) हाताने एक्सेलमध्ये भरतो. बँडसॉ आणि प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशिन) आधीपासून आहेत, प्लेट कापणारं सीएनसी प्लाझ्मा टेबल नवं बसलंय. मोठे बीम भोकं पाडायला बाहेर जातात आणि तिथे एनसी१ फाइल (बीमचे कट आणि भोकं मशिनला सांगणारी) मागतात, ती सध्या आम्हाला देता येत नाही.

टेक्ला, अ‍ॅडव्हान्स स्टील, सॉलिडवर्क्सचं वेल्डमेंट, इन्व्हेंटरचं फ्रेम जनरेटर आणि फ्रीकॅड, इतके पर्याय पाहिले. डेमोत सगळीच छान दिसतात. ड्रॉइंगवर माणूस एकच आहे, म्हणून दोन-दोन सॉफ्टवेअर सांभाळणं जमणार नाही. यातून निवडायचं कशाच्या आधारावर? आणि घेतल्यानंतर कुठे अडतं?

शॉप_ड्रॉइंग

सॉफ्टवेअरची नावं थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी कुठल्या मशिनला काय लागतं ते लिहून काढा. प्लाझ्माला डीएक्सएफ (कापायच्या रेषांची फाइल), बँडसॉला लांबी आणि दोन्ही टोकांचे कोन, प्रेस ब्रेकला फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीचा सपाट आकार) आणि बेंड लाइन, बाहेरच्या बीम लाइनला एनसी१, वेल्डरला असेंब्ली ड्रॉइंग. या पाचांपैकी जे हाताने पुन्हा टाइप करावं लागेल, चूक तिथेच होणार.

दुसरं म्हणजे, स्टाड प्रोसारखी सॉफ्टवेअर या यादीत धरू नका. ती फ्रेमचं बळ आणि सेक्शन तपासतात. त्यांच्या मॉडेलमध्ये मेंबर म्हणजे सेंटर लाइन असते. गसेट (जोडातली प्लेट) केवढी, बीमचा फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) किती कापायचा, क्लिअरन्स किती, हे त्यात नसतं. तुम्हाला डिटेलिंगचं, म्हणजे प्रत्येक तुकडा आणि जोड मापासकट काढणारं सॉफ्टवेअर हवंय.

डिटेलिंगमध्ये सरळ दोन घराणी आहेत. टेक्ला, अ‍ॅडव्हान्स स्टील आणि एसडीएस२ ही इमारतींच्या स्टीलसाठी. यांत बीमला कॉलमशी जोडताना एंड प्लेट, बोल्ट आणि भोकं एकत्र येतात, बीमची साइझ बदलली की जोडही बदलतो, आणि एनसी१ थेट निघते. सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटर ही मशिनवाल्यांची. फ्रेम, पत्र्याचे गार्ड, वाकवलेले ब्रॅकेट यांत फार सोपे जातात. पण एनसी१साठी वेगळा अ‍ॅड-ऑन लागतो आणि बोल्टेड जोड बराचसा हाताने उभा करावा लागतो. वर्षभराच्या कामाचं वजन काढून बघा. जास्त टनेज बोल्टेड बीम-कॉलमचं असेल तर पहिलं घराणं, वेल्डेड फ्रेम आणि पत्र्याचं असेल तर दुसरं. बीम मोजकेच बाहेर जात असतील तर तेवढ्या एनसी१ फाइल्स डिटेलरकडून करून घेता येतात. त्या एका फाइलसाठी सगळं सॉफ्टवेअर निवडू नका.

ट्रायल मिळाली की त्यांचं तयार मॉडेल उघडत बसू नका. आपलाच झालेला एक जिना त्यात काढा. समजा उंची ३०६० मि.मी. आणि १७ रायझर (पायरीची उभी उंची), म्हणजे प्रत्येकी १८०. पूर्ण मॉडेल, ड्रॉइंग, कटलिस्ट झाल्यावर लँडिंग ४० मि.मी. वर घ्या. आता उंची ३१००, रायझर १८२.३५ व्हायला हवा. बघा की सगळ्या पायऱ्या सरकल्या, की वाढलेले ४० शेवटच्या पायरीवर जाऊन पडले. स्ट्रिंगरची (पायऱ्या धरणाऱ्या बाजूच्या तिरक्या मेंबरची) लांबी आणि वरचा कट बदलला का? पायरीच्या क्लीटची (पायरी बसवायच्या जोडतुकड्याची) भोकं पायरीबरोबर गेली का? रेलिंगच्या पोस्टची उंची कायम राहिली का? छापलेल्या ड्रॉइंगवरची मापं आपोआप बदलली, की निम्मी डायमेन्शन हवेत लटकतायत? साइटवरून असा बदल प्रत्येक कामात येतो. पहिल्यांदा ड्रॉइंग काढायला किती वेळ लागला त्यापेक्षा या बदलाला किती लागला, तो आकडा बघून निवडा.

कर्फ_ऑफसेट

प्लाझ्माबद्दल. कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी डीएक्सएफमध्ये चार गोष्टी बिघडतात.

युनिट: फाइल इंचात गेली आणि मशिनने मि.मी. समजली की भाग २५.४ पट लहान येतो. हे लगेच दिसतं, त्यामुळे फार नुकसान होत नाही. डबल लाइन: एकावर एक दोन रेषा असतील तर टॉर्च त्याच जागी दोनदा फिरतो आणि कडा वितळते. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल ही कमांड चालवा, ती जादा रेषा काढते. उघडं कंटूर (भागाची कडेची रेषा बंद नसणं): टोकं ०.१ मि.मी.ने सुटलेली असली तरी काही नेस्टिंग प्रोग्रॅम (प्लेटवर भाग मांडणारे) भाग बंद मानत नाहीत आणि आतबाहेर ओळखायला चुकतात. तुकडे झालेले वर्तुळ: एक्स्पोर्ट करताना आर्कच्या शंभर छोट्या रेषा झाल्या की टॉर्च अडखळत फिरतो आणि भोक खडबडीत येतं. ट्रायलमध्ये डीएक्सएफ परत उघडा आणि भोकावर क्लिक करा. सर्कल दाखवलं तर ठीक, पॉलीलाइन दाखवली तर एक्स्पोर्टची सेटिंग शोधा.

खरं नुकसान कर्फमध्ये, म्हणजे टॉर्चने कापताना जाणाऱ्या मालाच्या रुंदीत होतं, कारण ते फिटिंगला गेल्यावरच कळतं. कर्फ ३ मि.मी. असेल तर भोक कापताना टॉर्च रेषेपासून १.५ आत चालायला हवा, बाहेरची कड कापताना १.५ बाहेर. तो ऑफसेट ड्रॉइंगमध्येही दिला आणि टेबलच्या सॉफ्टवेअरमध्येही चालू राहिला, तर एम१६ बोल्टसाठीचं १८चं भोक १५चं निघतं. बोल्ट जातच नाही. नियम एकच ठेवा: ड्रॉइंगमध्ये कायम नेमकं माप, ऑफसेट फक्त टेबलवर.

प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक प्लाझ्मावर कापू नका, भोकाच्या भिंतीला कोन येतो. सेंटर मार्क वेगळ्या लेयरवर ठेवा आणि ड्रिल करा. म्हणून सॉफ्टवेअर कट, मार्किंग आणि बेंड लाइन तीन वेगळ्या लेयरवर देतं का, हेही तपासा. भाग क्रमांकाचा मजकूर कटिंग लेयरवर गेला तर तो प्लेटमधून आरपार कापला जातो.

के_फॅक्टर

प्रेस ब्रेक आहे म्हणून लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेला के-फॅक्टर (वाकवताना ज्याची लांबी बदलत नाही तो थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे, तो आकडा) तसाच वापरू नका. तो तुमच्या डाय आणि पंचसाठी काढलेला नसतो.

६ मि.मी. प्लेट, आतला रेडियस ६, कोन ९०. के ०.३३ धरला तर बेंडमध्ये १२.५३ मि.मी. माल जातो, ०.४२ धरला तर १३.३८. एका बेंडला ०.८५चा फरक, चार बेंडच्या ट्रेला जवळपास ३.४. ट्रेची शेवटची बाजू मग जुळत नाही आणि ग्राइंडरने ओढून बसवावी लागते.

काढायची पद्धत सोपी आहे. नेमकी २०० मि.मी. लांब पट्टी मधोमध ९०ला वाकवा. दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजून बेरीज करा. समजा २१०.६ आली. त्यातून २०० गेले, राहिले १०.६, हे बेंड डिडक्शन. बाहेरची दोन सेटबॅक (बाहेरच्या कोपऱ्यापासून वाक सुरू होईपर्यंतचं अंतर) मिळून २ × (६ + ६) = २४, त्यातून १०.६ वजा, म्हणजे बेंड अलाउन्स (बेंडमध्ये जाणारा माल) १३.४. भागिले १.५७०८ केलं की ८.५३, वजा रेडियस ६, उरले २.५३, भागिले जाडी ६. के ०.४२. तीन पट्ट्यांची सरासरी घ्या आणि प्रत्येक जाडी-डायच्या जोडीसाठी तक्ता करा. आतला रेडियस रेडियस गेजने खरंच मोजा. डायचं व्ही ओपनिंग बदललं की तो बदलतो, आणि मग सगळा हिशेब परत करावा लागतो.

फ्रीकॅडमध्ये शीट मेटलचा अ‍ॅड-ऑन आहे, त्यातही के-फॅक्टर देता येतो आणि फ्लॅट पॅटर्न निघतो. नुसत्या ब्रॅकेट आणि ट्रेसाठी तो पुरतो. पूर्ण प्लॅटफॉर्मचं डिटेलिंग एकट्या माणसाने त्यावर करावं असं मला वाटत नाही.

गसेट_क्लीट

खूप उपयोगी. हिशेब केला तर बहुतेक काम वेल्डेड फ्रेम आणि जिन्यांचंच आहे, बीम कमी. म्हणजे दुसरं घराणं. कटलिस्ट आणि वजनावर डोळे झाकून विसंबता येतं का? कोटेशन त्यावरच द्यायचंय.

शॉप_ड्रॉइंग

नाही, एकदा तपासल्याशिवाय नाही. २०० × २००ची त्रिकोणी गसेट, १० मि.मी. जाड, काढून वजन विचारा. स्टील ७८५० किलो प्रति घनमीटर धरून नेट १.५७ किलो येतं. ३.१४ आलं तर सॉफ्टवेअर चौकोन मोजतंय. पेंट आणि गॅल्व्हनायझिंगला नेट हवं, माल मागवायला नेस्टिंगनंतरचं प्लेटचं वजन. दोन्ही कॉलम वेगळे ठेवा.

सेक्शन लायब्ररीतले चॅनेलही बघा. तुमच्या मालाचा फ्लँज उतरता असेल आणि लायब्ररीत समांतर असेल, तर वजन चुकतं, आणि बोल्टखाली टेपर वॉशर लागतो हे ड्रॉइंगवर येतच नाही.

सॉच्या नेस्टिंगमध्ये ब्लेडची जाडी भरा. ६ मीटरच्या बारमधून १४९५चे चार तुकडे कागदावर निघतात, ५९८०. पण टोक साफ करायला १० आणि चार कटचे प्रत्येकी ३ धरले की ६००२ होतात. चौथा तुकडा २ मि.मी. कमी पडतो आणि एक अख्खा बार जास्त लागतो.

शेवटचं, रिव्हिजन. बदल झाल्यावर जुनी डीएक्सएफ टेबलच्या फोल्डरमध्ये राहिली तर ऑपरेटर तीच कापतो. फाइलच्या नावात भाग क्रमांक आणि रिव्हिजन दोन्ही घाला, आणि नवी टाकताना जुनी त्या फोल्डरमधून हलवा. एक्स्पोर्टच्या वेळी असं नाव आपोआप देता येतं का, हे ट्रायलमध्येच विचारून घ्या.