मदत हवी आहे: अलास्कातील विद्युत आणि चुंबकीय सर्वेक्षणाबाबत

नमस्कार. आमचा भूभौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा गट ऑगस्टअखेर अलास्कातील फेअरबँक्सच्या उत्तरेकडील निर्जन वनप्रदेशात क्षेत्रकार्यासाठी जाणार असून, कायम गोठलेल्या जमिनीचा माथा किती खोलीवर आहे हे विद्युत रोधकतेच्या (जमीन विजेच्या प्रवाहाला किती अडवते याच्या) मापनावरून शोधण्याचा विचार आहे. गोठलेल्या थराची रोधकता वरच्या वितळलेल्या, ओल्या थरापेक्षा बरीच जास्त असल्याने सीमा ठळक दिसावी. अडचण आहे ती शेवाळाच्या जाड, सच्छिद्र आवरणाची, ज्यात इलेक्ट्रोडचा (जमिनीत वीज सोडण्यासाठी रोवायच्या धातूच्या खुंट्यांचा) संपर्क नीट होत नाही. शेवाळ बाजूला सारून इलेक्ट्रोड खालच्या मातीत रोवावेत, की भोवती मिठाचे पाणी ओतणे पुरेसे ठरते? (वनस्पतींचे नुकसान शक्यतो टाळायचे आहे.)

दुसरा प्रश्न मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचा. हा प्रदेश ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात येतो आणि चुंबकीय वादळात तेथील क्षेत्र काही मिनिटांतच शेकडो नॅनोटेस्लांनी बदलू शकते. हे बदल आमच्या मापनांतून वजा करण्यासाठी फेअरबँक्सजवळील ‘कॉलेज’ नावाच्या ठिकाणच्या भूचुंबकीय वेधशाळेच्या नोंदी वापरता येतील, परंतु अंतर वाढल्यावर त्या कितपत लागू पडतील याबद्दल मला शंका वाटते. हे बदल सतत नोंदवण्यासाठी तळावर ठेवायला दुसरा मॅग्नेटोमीटर न्यावा का? सारे सामान पाठीवर वाहायचे असल्याने, अशा भागात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.