लस : टोचायची आणि जखमेतून येणारी

प्रश्न : माझं ढोपर फुटलंय. आजी म्हणते, "अजून लस येतेय, उघडंच ठेव, खपली धरू दे." ही लस आणि आपण टोचून घेतो ती लस, शब्द एकच का? आणि 'लसीचा डोस' बरोबर की 'लशीचा'?

उत्तर : शब्द एकच, आणि आजीचा अर्थ जुना. खरचटलेल्या जागी पातळ, फिकट पिवळं, बोटाला किंचित चिकट लागणारं पाणी सुटतं, ती लस. देवीच्या फोडातही अशीच लस भरायची. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमधल्या डॉक्टर एडवर्ड जेन्नरने देवीपासून बचाव व्हावा म्हणून एका गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या (गाईंना होणाऱ्या, देवीसारख्याच पण सौम्य रोगाच्या) फोडातला द्रव घेऊन ८ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडावर टोचला. आपल्याकडे ही लस इराकमधल्या बसऱ्याहून बोटीने आली आणि १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तेव्हा ना बर्फाची पेटी होती ना कुपी. एकाच्या दंडावर फोड आला की त्यातली लस पुढच्याच्या दंडात, अशी ती हातोहात पुढे गेली. टोचत होते ती अक्षरशः लसच होती, म्हणून नाव तेच राहिलं.

आजच्या लशीत फोडातलं काही नसतं. कोविडच्या काळात आलेल्या एमआरएनए प्रकारच्या लशीत विषाणूचं एक प्रथिन कसं घडवायचं याचा निरोप मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत भरलेला असतो. त्यामागच्या मूळ शोधाला, म्हणजे कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांच्या कामाला, २०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची जेमकोव्हॅक ही एमआरएनए लस तर कोरडी भुकटी, साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत टिकणारी. तरी तिला लस म्हणण्यात मला काहीच खटकत नाही.

जखमेबद्दल मात्र आजीशी थोडं वाद घालेन. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमा पातळ प्लास्टिकने झाकून पाहिल्या. उघड्या ठेवून खपली धरलेल्या जखमांपेक्षा त्यांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कातडीच्या पेशींना सरकायला ओल लागते. खपली कडक झाली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. तेव्हा जखम स्वच्छ धुऊन झाकलेली बरी. फक्त लस आणि पू यांत गल्लत नको. पू दाट, गढूळ, पुष्कळदा वास मारणारा. डॉक्टरांना फोनवर "पाणी येतंय" एवढंच न सांगता लस की पू ते सांगा. मधुमेह असेल आणि पायाची जखम लसलसत राहिली, तर घरी वाट पाहत बसू नका.

आता 'लशीचा'. म्हैस–म्हशीचा, घूस–घुशीचा, तसं लस–लशीचा. अनेकवचन लशी. वर्तमानपत्रांत 'लसीचा' सर्रास दिसतं, पण कानाला 'लशीचा'च मराठी वाटतं.

आणखी एक उत्तर : आमच्या घरी जुनी माणसं लस टोचणे म्हणत नसत, 'देवी काढणे' म्हणत. "पोराच्या देवी काढल्या का?"

प्रश्न : मग 'लशीकरण' का नाही?

उत्तर : कारण तिथे 'लस'चं सामान्यरूप (विभक्तीच्या प्रत्ययाआधी होणारं 'लशी' हे रूप) नाहीच. शुद्धीकरण, राष्ट्रीयीकरण यांतला '‑ईकरण' हा संस्कृत प्रत्यय थेट 'लस'ला लागलाय. म्हणून लसीकरण, पण लशीचा डोस.