वाझारेलीच्या धर्तीची फुगीर चौकट चादरीवर कशी उतरवायची?

चाटीगल्ली_४००
नमस्कार मंडळी. ६० × ९० इंची डबल क्लॉथ (एकावर एक दोन पदर विणलेल्या) चादरीसाठी नवी नक्षी हवी आहे. सपाट चौकटी मध्येच चेंडूसारख्या फुगलेल्या दिसतात, त्या हंगेरीच्या वाझारेलीच्या चित्रांच्या धर्तीवर. जेकार्ड (ताणे उचलून नक्षी पाडणारं यंत्र) ४०० हुकांचं, हुक फक्त ताण्यांना (उभ्या धाग्यांना). मागावरून उतरलेल्या कापडात इंचाला ४८ ताणे (२४ गडद, २४ फिके) आणि ४० बाणे (आडवे धागे).

साध्या चौकोनी ग्राफवर गोल काढून नमुना विणला तर तो उभा अंड्यासारखा आला, आणि कडेच्या चौकटींचा नुसता राडा झाला. पुठ्ठे (जेकार्डला नक्षी सांगणारे भोकांचे कार्ड) पाडण्याआधी हिशोब पक्का करायचाय. हा वाझारेली नेमका कोण, हेही कुणी सांगा. नेटवर जो तो नुसतं "ऑप आर्टचा (नजरेला भुलवणाऱ्या भौमितिक चित्रांचा) जनक" म्हणून मोकळा होतो.

रेषाभान
आधी माणूस. व्हिक्टर वाझारेली, मूळ नाव ग्योझो वाशारहेयी. जन्म ९ एप्रिल १९०६, हंगेरीतल्या पेच गावी. बुडापेस्टला वैद्यकीच्या शिक्षणात शिरला, ते सोडून चित्रकलेकडे वळला आणि शांडोर बोर्टनिकच्या 'म्यूहेय' या शाळेत गेला. तिथला अभ्यास बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या वळणाचा होता. फळाफुलांची चित्रं बाजूला, आधी अक्षर, पोस्टर, रंगाची मोजणी. १९३० साली पॅरिसला गेला आणि बरीच वर्षं जाहिरात कंपन्यांसाठी आरेखनाचं काम करून पोट भरलं. हे दिवस लोक घाईने ओलांडतात. माझ्या मते त्याची सगळी मुळं तिथेच आहेत, कारण जाहिरातवाल्याला लांबून आणि एका नजरेत कळेल असंच काढावं लागतं.

१९३७ सालचं 'झेब्रा' बघा. झेब्र्याला बाह्यरेषाच नाही, नुसते काळे-पांढरे पट्टे वळतात आणि त्यातून अंग उभं राहतं. तुमच्या कामाला पुढचं सगळं यातूनच निघतं: कडेची रेघ न काढता, आतल्या पट्ट्यांची रुंदी आणि कल बदलून गोलाई दाखवायची.

१९५५ साली पॅरिसच्या डेनिस रेने गॅलरीत 'ल मूव्हमाँ' हे प्रदर्शन झालं, तिथून त्याचं नाव गाजलं. 'वेगा' हे मोठं काळं-पांढरं बुद्धिबळपटासारखं चित्र १९५७ चं. तुम्ही म्हणता ते ठसठशीत रंगीत फुगे नंतरचे, साठीच्या दशकाच्या शेवटाकडचे.

दुसरी गोष्ट मागवाल्यांना जास्त जवळची. १९५९ मध्ये त्याने आपल्या 'प्लास्टिक युनिट'चं पेटंट घेतलं. एक चौकोन, त्यात दुसऱ्या रंगाचा एक आकार, एवढाच घटक. असे घटक आणि रंगछटांची ठरलेली उतरंड घेऊन तो ग्राफ कागदावर आकडे-खुणा भरत असे आणि प्रत्यक्ष रंगकाम मदतनीस करत. म्हणजे नक्षीचा ग्राफ त्याने भरायचा आणि विणायचं दुसऱ्याने. फ्रान्समध्ये ऑब्यूसाँच्या विणकरांनी त्याच्या नक्ष्यांच्या टॅपिस्ट्रीही (भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं) विणल्या आहेत. रोझेनथाल या जर्मन कंपनीसाठी चिनी मातीची भांडी केली, १९७२ साली मुलगा यवरालसोबत रेनो गाडीचं हिऱ्याच्या आकाराचं बोधचिन्ह केलं. एक्स-आँ-प्रोव्हान्सची संस्था आणि पेचमधलं संग्रहालय, दोन्ही १९७६ ची. १५ मार्च १९९७ ला पॅरिसला वारला.

ताणाबाणा
आता हिशोब. तुमच्या ४८ आणि ४० मध्ये दोन पदर आहेत, म्हणून ग्राफचं एक घर म्हणजे गडद-फिक्या ताण्यांची एक जोडी आणि बाण्यांची एक जोडी. इंचाला आडवी २४ घरं, उभी २०. ग्राफचं प्रमाण ६:५ हवं. ५ इंची गोल म्हणजे १२० घरं रुंद आणि १०० घरं उंच. तुम्ही १२० × १२० काढला असणार, तो ६ इंच उंच आला. अंडं तिथून आलं. इंचाचे बाणे मागावर ताण असताना मोजू नका, कापड उतरवून, एकदा धुऊन, वाळवून मग मोजा. सुती चादर लांबीत आखडते आणि प्रमाण पुन्हा हलतं.

हुकांची वाटणी: प्रत्येक घराला दोन हुक. नक्षी डावी-उजवी सारखीच असल्याने पॉइंट हार्नेस (अर्धी नक्षी आरशासारखी उलटून पुरी करणारी दोऱ्यांची बांधणी) बांधा आणि अर्धीच नक्षी काढा. अर्ध्या फुग्याला ५ इंच = १२० घरं, बाहेरच्या सपाट चौकटीला २ इंच = ४८ घरं. एकूण १६८ घरं, ३३६ हुक. उरलेले ६४ काठासाठी. आरसा धरून रिपीट (पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा) १४ इंचांचा, चार रिपीट ५६ इंच आणि दोन्हीकडे २ इंचांचा काठ. बेरीज ६०. लांबीतही रिपीट १४ इंचच ठेवा, म्हणजे २८० ओळी, ५६० पुठ्ठे. सहा रिपीट ८४ इंच, वर-खाली ३ इंच पट्टी. तिचे पुठ्ठे वेगळे.

पॉइंटला दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला: ताणे गडद-फिका-गडद-फिका चालले आणि मध्यावर आरसा पडला की दोन फिके शेजारी येतात, मग चादरभर उभी रेघ दिसते. हार्नेस बांधतानाच मधला एक ताणा गाळा. दुसरा: चौकटीची सीमा बरोबर मध्यावर ठेवली तर आरशात दोन्हीकडे एकाच रंगाचा चौकोन येतो, दोन्ही मिळून दुप्पट रुंद होतो आणि फुग्याचं नाक चेपल्यासारखं दिसतं. मध्यरेषा नेहमी एका चौकोनाच्या पोटातून जाऊ द्या. आडवीही तशीच.

ग्राफपेपर
@ताणाबाणा यांनी जागा ठरवून दिली, त्यात आता फुगा बसवू. सपाट चौकट अर्ध्या इंचाची धरा. मध्यापासून फुग्याच्या आतल्या कोणत्याही कोपऱ्याचं अंतर r, फुग्याची त्रिज्या R = ५ इंच. दिशा तीच ठेवायची, फक्त अंतर बदलायचं:

नवं अंतर = ०.६ × R × साइन(९०° × r ÷ R) + ०.४ × r

नुसता साइन घेतला तर मधला चौकोन १९ घरांचा होतो, पण कडेचा शेवटचा पुरा चौकोन ३ घरांवर येतो, आणि उभ्यात जेमतेम अडीच ओळी. तीन घरांत तिरकी कड कधीच नीट पडत नाही, नुसत्या पायऱ्या दिसतात. तुमचा राडा हाच. ०.६ आणि ०.४ चं मिश्रण घेतलं की मधला १६ घरांचा आणि कडेचा साडेसहा. फुगा थोडा बसका होतो, पण कापडावर तोच खरा वाटतो. फक्त हिशोब इंचात करा, घरांत शेवटी बदला. सुरुवातीपासून घरांत केला तर ६:५ चा मेळ पुन्हा बिघडेल.

आणि हे प्रत्येक रेघेला नाही, प्रत्येक कोपऱ्याला लावा. नुसत्या उभ्या-आडव्या रेघा सरकवल्या तर कडेचे चौकोन आयतच राहतात, कलत नाहीत. मग फुग्याऐवजी उशी दिसते. कोपरे मांडून झाले की सरळ रेघांनी जोडा आणि घराचा मध्य ज्या चौकोनात पडेल तो रंग भरा. एक्सेलमध्ये दोन स्तंभांत होतं, डिझाईनच्या सॉफ्टवेअरची गरज नाही.

चाटीगल्ली_४००
फार उपयोगी. दोन शंका राहिल्या. उलट्या बाजूला काय दिसेल? आणि गिऱ्हाईक मरून-बॉटल ग्रीन मागतंय, चालेल?

ताणाबाणा
उलट बाजू म्हणजे त्याच नक्षीचं निगेटिव्ह. गडद तिथे फिका. फुगा दोन्हीकडे दिसतो, वाझारेलीला आवडलं असतं. रंग बदलतो तिथेच दोन पदर एकमेकांना धरतात, चौकोनाच्या पोटात ते सुटे असतात. १६ घरांच्या चौकोनाला ही पिशवी चालते, उलट, कापड धुतल्यावर मधले चौकोन किंचित फुगून नक्षीला मदतच करतात. पण सलग दीड-दोन इंचांचा एकरंगी भाग ठेवलात तर पदर सरकतात, तिथे दोन पदर जोडणारा टाका द्यावाच लागेल.

रेषाभान
मरून-बॉटल ग्रीन नको. दोन्ही जवळपास सारखेच गडद. नक्षी विणली जाईल, पण फुगा दिसणार नाही. रंग वेगळे असणं वेगळं आणि उजळपणात अंतर असणं वेगळं, फुगवटा उजळपणावर उभा असतो. सुताच्या दोन लडी शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन्ही सारखेच करडे दिसले तर जोडी बाद. मरूनसोबत दुधी, बॉटल ग्रीनसोबत लिंबोणी, असं घ्या. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर मरून मैदानात (चादरीच्या मधल्या भागात) आणि हिरवा काठात टाका.

कागदपत्र
एक राहिलं. चौकटी फुगवण्याची रीत कुणाच्या मालकीची नाही, पण वाझारेलीचं एखादं ठरावीक चित्र जसंच्या तसं उतरवू नका. आपल्याकडे कलाकृतीचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे याच्या बाबतीत २०५७ च्या अखेरपर्यंत. लेबलवरही त्याचं नाव नको. वर दिलेल्या मापांनी स्वतः आखलेली नक्षी मात्र तुमचीच.