जुन्या दगडी धरणाच्या गळतीवरून त्याची अवस्था कशी ओळखावी?

नदीकाठ:
आमच्या शहराला ज्या धरणातून पिण्याचे पाणी मिळते, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. मुख्य बांध चुन्यात बांधलेला दगडी असून एका टोकाला त्याला जोडून मातीचा बांध आहे. दगडी बांधाच्या कोरड्या बाजूवर ओलीचे पट्टे आणि पांढरे ओघळ दिसतात. जलाशय भरलेला असताना काही सांध्यांतून पाण्याची धारही लागते. विचारणा केली की दोनच उत्तरे मिळतात. अधिकारी म्हणतात की प्रत्येक धरण थोडेफार गळतेच, आणि नागरिक म्हणतात की धरणाचे आयुष्य संपले आहे. पहिले उत्तर मला अपुरे वाटते आणि दुसऱ्याला आधार दिसत नाही. अभियांत्रिकीचे शिक्षण नसलेल्या माणसाला अशा धरणाच्या स्थितीविषयी काही समंजस मत बनवायचे असेल, तर त्याने नेमके काय पाहावे आणि कोणती माहिती मागावी?

निवृत्त अभियंता:
धरण गळतेच, हे विधान खरे आहे. मात्र त्यापुढचा प्रश्न विचारला नाही तर त्याचा उपयोग शून्य. गळती किती आहे यापेक्षा जलाशयाच्या त्याच पातळीला ती पूर्वी किती होती आणि आज किती आहे, हे महत्त्वाचे असते. म्हणून गळतीचे पाणी पायथ्याशी एकत्र आणून व्ही-नॉचवर, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठी पाटीला पाडलेल्या व्ही आकाराच्या खाचेवर, नियमितपणे मोजतात आणि प्रत्येक नोंदीसोबत जलाशयाची पातळी लिहितात. पातळी तीच असताना गळती वर्षागणिक वाढत असेल, तर चिंतेला आधार आहे. आणि ती अचानक कमी झाली तरी हायसे वाटून घेऊ नये, कारण निचऱ्याची छिद्रे चुन्याने बुजली असण्याची शक्यता असते. मग बाहेर न पडणारे पाणी आतच दाब वाढवत राहते.

पांढरे ओघळ म्हणजे झिरपणाऱ्या पाण्याबरोबर विरघळून आलेला चुना होय. बांधकामातला मसाला हळूहळू धुपत आहे, एवढे त्यावरून कळते. चुना गेला की बांधकाम सच्छिद्र आणि किंचित हलके होते, आणि दगडी धरण तर आपल्या वजनावरच उभे असते. यातला खरा शत्रू म्हणजे बांधकामात आणि पायाखाली शिरून धरणाला वर उचलू पाहणारा पाण्याचा दाब, ज्याला आम्ही अपलिफ्ट म्हणतो. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक धरणांच्या आकडेमोडीत तो धरलेलाच नव्हता. फ्रान्समधील बूझे येथील दगडी धरण 1884 मध्ये पायावर थोडे सरकले. त्याच्या पायथ्याचे मजबुतीकरण झाले, आणि तरीही 1895 मध्ये ते पायथ्यापासून वरच्या भागात फुटून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पाण्याकडील बाजूच्या भेगांत शिरलेल्या दाबाचा विचार त्यानंतरच गांभीर्याने होऊ लागला. तेव्हा दुरुस्ती झाली आहे असे कोणी सांगितले, तर ती कोणत्या भागाची आणि कोणत्या दोषावरची, हे विचारावे. बाहेरून दगडांच्या सांध्यांत मसाला भरून ओघळ झाकणे ही दुरुस्ती नव्हे. कोरड्या बाजूने तसे केल्यास आतले पाणी उलट कोंडले जाते.

मृदाभ्यासक:
वरील प्रतिसाद दगडी बांधापुरता पटतो. माझे लक्ष मात्र प्रश्नातल्या त्या मातीच्या बांधाकडे गेले, ज्याचा उल्लेख ओघात येऊन गेला आहे. दगडी बांध गळताना दिसतो म्हणून त्याची चर्चा होते, पण मातीच्या बांधाचे बिघाड बराच काळ आतल्या आत चालतात. पाणी मातीचे बारीक कण घेऊन बाहेर पडू लागले की आत नळीसारखी पोकळी तयार होते आणि ती जलाशयाच्या दिशेने मागे सरकत जाते. म्हणून तेथे पाझराच्या प्रमाणाइतकाच त्याचा रंग पाहावा. स्वच्छ पाझर मोजत राहावे. गढूळ पाझर दिसला तर त्याच क्षणी कळवावे. अमेरिकेतील टेटन धरण 5 जून 1976 रोजी फुटले, तेव्हा सकाळी गढूळ पाणी दिसल्यापासून दुपार होण्याआधीच सारे संपले होते. ते धरण नवे होते आणि प्रथमच भरत होते, म्हणजे वय हा एकमेव निकष नाही.

दोन जागा विशेष पाहण्यासारख्या आहेत. एक, माती आणि दगडी बांधकाम जेथे भिडतात तो सांधा. दुसरी, मातीतून पाणी बाहेर नेणारी मोरी किंवा जलवाहिनी. तिच्या भोवतीची माती अनेकदा नीट दाबलेली नसते आणि जुन्या नळाला गंज लागला की दाबाखालचे पाणी थेट भरावात शिरते. पाणीपुरवठ्याच्या धरणांत अशी वाहिनी असू शकते. माथा खचणे, कोरड्या उतारावर एखादाच पट्टा बारमाही हिरवा राहणे, झाडे वाढणे आणि उंदीर-घुशींची बिळे, ही लक्षणे कुणालाही दिसू शकतात.

अवलोकिता:
दोन्ही प्रतिसाद पाझराविषयी आहेत, परंतु सांडव्याचा, म्हणजे पुराचे जादा पाणी सोडून देणाऱ्या वाटेचा, विषय राहून गेला. जुन्या धरणांचे सांडवे त्या काळी उपलब्ध असलेल्या थोड्याच वर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून आखले गेले. शिवाय पाणीपुरवठ्याचे धरण शक्य तितके भरलेले ठेवण्याकडे कल असतो, त्यामुळे उशिरा आलेला मोठा पूर सामावून घ्यायला रिकामी जागा उरत नाही. दगडी बांधावरून थोडा वेळ पाणी गेले तर तो तग धरू शकतो. मातीच्या बांधाला ते सोसत नाही. गुजरातमधील मच्छू-2 धरणाचा मातीचा भाग 11 ऑगस्ट 1979 रोजी पुराचे पाणी वरून वाहिल्यानेच वाहून गेला, कारण पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी मोठा होता. सांडवा पुरेसा असणे एवढ्यानेही भागत नाही. अमेरिकेतील ओरोव्हिल धरणावर 2017 मध्ये मुख्य सांडव्याची काँक्रीटची लादी उखडली आणि 1,80,000 हून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, जरी धरणाच्या भरावाला काहीही झालेले नव्हते.

नदीकाठ:
सर्वांचे आभार. एक शंका उरते. धोका वाटल्यास पाणी झपाट्याने उतरवावे, असे अनेकजण सुचवतात. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा उपाय नेहमी सुरक्षित असतो का?

निवृत्त अभियंता:
दगडी बांधाला पाणी उतरल्याने आरामच मिळतो. मातीच्या बांधाचे तसे नाही. बाहेरचे पाणी वेगाने गेले, पण भरावात मुरलेले तितक्या लवकर निघाले नाही, तर पाण्याकडील उतार घसरू शकतो. म्हणून उतरवण्याचा वेग आधीच ठरवून ठेवावा लागतो. त्याआधीचा प्रश्न अधिक रोकडा आहे: तळाचे दरवाजे उघडतात का? वर्षानुवर्षे न हलवलेले दरवाजे गंजून अडकतात, त्यांच्या तोंडाशी गाळ साचतो, आणि जलाशय रिकामा करता येत नसल्याने पाहणीसाठी पाणबुडे किंवा पाण्याखाली चालणारा कॅमेरा लागतो. गळतीचा आणि पातळीचा एकत्र आलेख, दरवाजे पूर्ण उघडून पाहिल्याची शेवटची तारीख, अपलिफ्ट धरून केलेली स्थिरतेची तपासणी आणि पुराचा नव्याने काढलेला अंदाज, हे चार कागद लेखी मागा. पहिला कागद मिळाला तर तो येथे टाका, त्याचे वाचन आपण मिळून करू.