स्लेडच्या गाण्यांची नावं: अशुद्धलेखन की बोली?

सध्या स्लेड हा बँड ऐकतोय, १९७० च्या दशकातला ब्रिटिश ग्लॅम रॉक, चकचकीत कपडे, उंच टाचांचे बूट वगैरे. तर यांच्या गाण्यांची स्पेलिंगं बघितली का कुणी? 'कॉज आय लव्ह यू' मधला लव्ह एल-यू-व्ही, 'कम ऑन फील द नॉइझ' मध्ये नॉइझला झेड. ही बोलीभाषा म्हणायची की नुसता चावटपणा?

— दोन्ही आहे, पण वेगळं काढायला हवं. लव्ह कसाही लिहा, उच्चार तोच राहतो ना, आणि नॉइझमध्ये झ ऐकू येतोच, एस लिहिला तरी. म्हणजे हा फक्त डोळ्यांचा खेळ. आपण 'आणि' ऐवजी 'आणी' लिहिलं तर कानाला काही कळत नाही पण मास्तरांना बरोबर खुपतं, तसंच. तिकडेही शिक्षकांनी तक्रारी केल्याच होत्या की पोरांचं स्पेलिंग बिघडतंय म्हणून. पण 'टेक मी बॅक ओम' (१९७२) घ्या, तिथे होम मधला ह खरंच गळालाय, आपल्याकडे नाही चं नाय होतं तसा. ती बोलीच. 'गुडबाय ट् जेन' मधला तो अर्धवट ट् पण बोलण्यातलाच, टू चा उरलेला.

— +१. ही मंडळी इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टन-वॉल्सॉल कडची, कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा तो सगळा पट्टा ब्लॅक कंट्री म्हणून ओळखतात, आणि तिथल्या बोलीला लंडनवाले हसायचे. १९७१ मध्ये पहिलं नंबर वन गाणं झालं तेव्हा 'बिकॉज आय लव्ह यू' हे नाव यांना फारच गुळमट वाटलं, म्हणून मग त्यांच्या भागात बोलतात तसं लिहून टाकलं, आणि ते इतकं चाललं की पुढे तोच शिक्का झाला. माझ्या मते 'स्क्वीझ मी प्लीझ मी' पर्यंत (१९७३) बोली वगैरे काही उरली नव्हती, नुसती सवय.

— 'ममा वीअर ऑल क्रेझी नाऊ' ची गंमत माहितीये का? स्लेडचा गायक नॉडी होल्डर आणि बेस वाजवणारा जिम ली यांचं मूळ 'माय माय' होतं म्हणे, मॅनेजर चॅस चँडलरला (हाच तो अ‍ॅनिमल्स बँडचा बेस गिटारवाला, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला इंग्लंडात आणणारा) ते 'ममा' ऐकू आलं आणि तेच ठेवलं. आता बोला.

— हे सगळं देवनागरीत लिहिताना मात्र मजाच जाते बघा. आपण उच्चार लिहिणार, त्यामुळे 'कम' चं स्पेलिंग ओ ने केलं काय नि यू ने केलं काय, इथे 'कम'च. अमेरिकेच्या क्वायट रायट या बँडने १९८३ मध्ये हेच नॉइझवालं गाणं केलं तेव्हा स्पेलिंग जसंच्या तसं ठेवलं, ते तर लॉस एंजेलिसचे, त्यांचा ब्लॅक कंट्रीशी संबंध काय!

— मग 'मेरी एक्समस एव्हरीबडी' पण त्यातलंच का?

— नाही नाही, गाणं स्लेडचंच, पण ते स्पेलिंग स्लेडचं नाही. तो एक्स म्हणजे ग्रीक लिपीतलं ख च्या जवळचं अक्षर, ख्रिस्तोस लिहिताना पहिलं येतं ते, आणि ही पद्धत कित्येक शतकं जुनी आहे. वाचायचं क्रिसमसच, गाण्यातही होल्डर क्रिसमसच म्हणतो, एक्समस आपण म्हणतो.